तीन ईसा अकरा

पक्षी मोजायचे म्हटलं की लोक मान वर करून आकाशाकडं बघायला लागतात. भोवत्या मोजायचा असला तर आकाशाचा काही उपयोग नाही, गवताकडं बघावं लागतं. हा शिकारी पक्षी पावसाळा सरता सरता पार उत्तरेकडच्या थंड मुलखातून आपल्याकडं येतो, दिवसभर माळावर नाकतोडे आणि उंदीर हुडकत फिरतो, आणि संध्याकाळी झाडावर न जाता सरळ जमिनीवर, गवतात, आपल्या सगळ्या भाऊबंदांसोबत झोपतो. सूर्य टेकायला आला की एकेक करून उतरतात. उतरताना मोजायचे. अंधार पडेपर्यंत अर्धा-पाऊण घंटा मिळतो, त्यात जे काय होईल ते.

हे मी आज ऐटीत सांगतेय, पण यातलं निम्मं मला दुसऱ्यानं शिकवलंय, आणि ते चार लोकांत सांगायची वेळ आली तेव्हा मी ते गिळलं. तीच गोष्ट लिहून टाकते. लिहिल्यानं पाप धुतलं जातं अशी माझी समजूत नाही. पण तोंडानं सांगायला गेले की मी या गोष्टीत स्वतःला थोडी थोडी बरी करत जाते, हे माझ्या ध्यानात आलंय. कागदावर तेवढी सोय नसते.

मी संभाजीनगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. स्वभाव तापट. नवरा मला तवा म्हणतो, हात लावायच्या आधी पाणी शिंपडून बघावं लागतं म्हणे. पक्ष्यांचा नाद चाळिशीनंतर लागला, आणि उशिरा लागलेल्या नादाला जरा जास्तच ऐट असते. दुर्बीण घेतली, टोपी घेतली, वही घेतली. पिशोरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक मोठा गवताचा माळ आहे, तिथं पहिल्यांदा भोवत्या उतरताना बघितला आणि मला वाटलं कोलंबसानंतर मीच.

पहिल्या संध्याकाळी मी चौऱ्याऐंशी मोजले. वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मागून कुणीतरी हसलं.

वळून बघितलं तर एक म्हातारा मेंढपाळ, काठीवर हनुवटी टेकून उभा. अंगात कोपरी, डोक्याला मळकट लाल पटका. मागं मेंढरं.

"किती झाली बाई?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"लई झाली," तो म्हणाला. "दोन ईसा अकराच हायेत. तुमी एकेक पाखरू दोन-दोन बारी मोजलं."

मी तापले. दुर्बीण माझ्या गळ्यात, आणि हा मला सांगणार! म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्यानं मूठ उघडली. मुठीत खडे. मग त्यानं मला जे समजावलं ते मी पुढं पाच वर्षं केलं. उतरलं ते मोजायचं, उडतं ते मोजायचं नाही. पाखरू गवतात बसलं की उजव्या मुठीतला एक खडा कोपरीच्या खिशात टाकायचा. पण ही पाखरं लगेच झोपत नाहीत. बसतात, दुसरं जवळ आलं की कुरबुर करून पुन्हा उठतात, एक चक्कर मारून दुसरीकडं बसतात. तर उठलं की टाकलेला खडा खिशातून परत काढायचा. शेवटी अंधार पडल्यावर खिशात उरतील तेवढी पाखरं. वीस खडे झाले की एक ईस. मेंढरंही ते असंच मोजत, वाड्यातून बाहेर निघालं की खडा आत, मागं फिरलं की खडा बाहेर.

"नायतर एका मेंढरानं दोनदा उडी मारली तर माझी दोन मेंढरं व्हतील का?" ते म्हणाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि ते मला बाई. दरवर्षी दसऱ्यानंतर मी शनिवार-रविवार गाडी काढायची, चारला निघायचं, माळावर पोचायचं. माळाच्या मधोमध एक बाभूळ आहे. बाभळीच्या डावीकडचं गवत माझं, उजवीकडचं मामांचं, म्हणजे एक पाखरू दोघांच्या हिशोबात यायला नको. अंधार पडला की दोघांनी खडे एकत्र करायचे. मग त्यांच्या बायकोनं, मामीनं, किटलीतून शेळीच्या दुधाचा चहा द्यायचा. मामी बोलायला फटकळ, अगदी माझ्या जातकुळीची. "इतक्या लांबून पाखरं मोजाया येती, घरी चपाती कोन करतं?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. नवरा करतो म्हटल्यावर तिला इतकं हसू आलं की चहा सांडला. मामा पक्ष्याला भुईघार म्हणत. घार झाडावर निजते, ही भुईवर, म्हणून भुईघार. मी वहीत भोवत्या लिहायची आणि बोलताना भुईघार म्हणायची.

पाचव्या वर्षी माळावर झाडं लावायची योजना आली. सरकारी कागदावर तो माळ पडीक होता. भोवतीनं चर खणायचा, आत खड्डे घ्यायचे, रोपं लावायची आणि चराई बंद. झाडं लावायला कोण नाही म्हणणार? माझ्या कॉलेजातले लोकसुद्धा म्हणाले, चांगलंच आहे की. पण गवत गेलं की भुईघार गेली, आणि चर खणला की मामांची पाऊणशे मेंढरं गेली. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत त्या माळावरच त्यांचं सगळं चालायचं.

"पडीक म्हंजी काय?" मामांनी मला विचारलं. "चार-पाच म्हैने माझी मेंढरं काय कागुद खात्यात का?"

मी पेटले. अशा वेळी मी बरी पेटते. दरखास्त लिहिली, फोटो जोडले, संबंधित कचेरीतल्या साहेबांना जाऊन भेटले. साहेब वयानं लहान, बोलायला मऊ. ते म्हणाले, "मॅडम, हा माळ पक्ष्यांच्या मुक्कामाची जागा आहे असं नुसतं सांगून मला वरती लिहिता येत नाही. एका आठवड्यातल्या तीन संध्याकाळची मोजणी द्या. वेळ, हवामान, संख्या. मग मी येऊन जागा बघतो आणि थांबवायचं तसं लिहितो." म्हणजे सगळं त्या तीन संध्याकाळींवर आलं.

मी माळावर जाऊन मामांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "आमी सांगून काय व्हत नाय बाई," ते म्हणाले. "तुमी लिवलं ते खरं धरत्यात. तेवढं तीन दिस चुकवू नका."

चुकवते कशाला, मी म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी बावन्न आले. दुसऱ्या संध्याकाळी पंचावन्न. कॉलेजातून अर्धी रजा टाकून गेले होते. तिसऱ्या संध्याकाळसाठी जो दिवस ठरला त्याच दिवशी शहरातल्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. कशाबद्दल? पक्षी मोजण्याबद्दल! आता हसावं की रडावं. तारीख त्यांची आधी ठरलेली होती आणि मला ती ठाऊक होती. मोजणी एक दिवस पुढं ढकलता आली असती, आठवडा संपायला दोन दिवस बाकी होते. पण दुसऱ्या दिवशी सासरकडचे पाहुणे यायचे होते, तिसऱ्या दिवशी ग्रंथालयाची तपासणी. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस तर झालेत, तिसरा काय वेगळा असणार आहे?

मामांना कळवायला फोन केला. लागला नाही. माळावर रेंज नसते हे मला पाच वर्षांपासून माहीत होतं. एकदाच केला.

सत्कार झकास झाला. शाल, नारळ, हार. हलका मोरपंखी रंग होता शालीचा, अजून आठवतो. मला दोन शब्द बोलायला सांगितले तर मी वीस मिनिटं बोलले. बोलता बोलता खड्यांची गोष्ट आली. उतरलं की खडा खिशात, उठलं की खडा बाहेर. "ही पद्धत मी माळावरच्या अनुभवातून हळूहळू बसवली," असं मी म्हणाले. ठरवून म्हणाले नव्हते, ओघात निघालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर वाक्य दुरुस्त करायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं नव्हतं. त्याच वेळी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर एक म्हातारा बाभळीखाली माझी वाट बघत बसला होता, हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरायच्या आधी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी तिसऱ्या संध्याकाळचा तक्ता भरला. बावन्न, पंचावन्न, मग सत्तावन्न लिहावेत असं ठरवलं. थोडे वाढलेले असले म्हणजे खरं वाटतं. पहिला पक्षी उतरला पाच चाळीसला. आकाश निरभ्र. आमच्या गल्लीत निरभ्रच होतं. नवरा चहा पीत बघत होता.

"काल तू तर शाल घेत होतीस," तो म्हणाला.

"तुम्ही तुमचा चहा प्या," मी म्हटलं. त्यानं प्याला. मी जाताना तक्ता कचेरीत देऊन टाकला.

आठ दिवसांनी साहेब जागा बघायला निघाले आणि मला गाडीत सोबत घेतलं. मधल्या दिवसांत माळावर जाऊन मामांना सगळं सांगून ठेवावं, हे मला रोज सुचत होतं आणि रोज काहीतरी निघत होतं. गाडी माळाला लागली तेव्हा मामा रस्त्याच्या कडेलाच उभे होते. धुतलेली कोपरी, धुतलेला पटका. साहेब येणार हे गावात कुणाकडून तरी कळलं होतं, म्हणून सकाळपासून उभे होते. साहेबांनी नमस्कार केला तसे ते इतके खूश झाले की मला बोलायला सवड मिळायच्या आत त्यांनी सुरू केलं.

"साहेब, तिसऱ्या दिशी तर तीन ईसा अकरा! म्या एकट्यानं मोजली. पावसाच्या आदी समदी पाखरं घाईनं उतरली बगा. अशी मी कवाच बगितली नव्हती."

साहेबांनी फाइल उघडली. "तीन ईसा अकरा म्हणजे एकाहत्तर. इथं सत्तावन्न आहेत." मग बोट खाली सरकवत म्हणाले, "आणि पाऊस? इथं आकाश निरभ्र लिहिलंय."

"पाऊस झाला की," मामा म्हणाले. "चांगला घंटाभर. त्या दिशी पिशोरचा बाजार होता. मामी बाजारातून भिजून आली."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं, हसतमुखानं, म्हणजे आता बाई सांगतील. त्यांना वाटत होतं की बाईंच्या कागदात काहीतरी बारीक घोळ झालाय आणि बाई तो आता निस्तरतील. एवढंच म्हणायचं होतं: मी नव्हते, यांनी मोजलं, यांचंच खरं. तेवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण माझी पाचावर धारण बसली. मी पाच वर्षांची पक्षीवाली मॅडम, परवाच शाल घेतलेली. मी म्हणाले:

"पाऊस नव्हता हो साहेब. मामांना तारखेचा अंदाज राहत नाही. आणि त्यांचं मोजणं म्हणजे कसं, एकच पाखरू दोन-दोन वेळा धरतात ते."

हे मी म्हणाले. ज्या माणसानं मला एक पाखरू दोनदा मोजू नये हे शिकवलं, त्याच्या तोंडावर.

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि त्यांना कळलं. मी तिथं नव्हते हे तर त्यांना त्या संध्याकाळीच ठाऊक होतं, आता मी घरी बसून लिहिलं हेही कळलं. मला वाटलं आता हे बोलतील. बोलावं असंही कुठंतरी वाटलं. त्यांनी पटका सारखा केला आणि साहेबांकडं वळले.

"आसंल साहेब," ते म्हणाले. "म्हातारं झालो. दिवस चुकला आसंल माझा. बाईंचं खरं धरा."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. माळ फिरले, गवत बघितलं, मामांच्या हातचं पाणी प्याले. मी मामांच्या नजरेला नजर न देता बाभळीकडं बघत राहिले. परत येताना फुलंब्रीच्या आसपास साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही माळावर होतात ना?"

"होते," मी म्हटलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. सादर केलेली निरीक्षणं विश्वासार्ह नसल्यानं योजना ठरल्याप्रमाणं राबवावी. मी ते पत्र घेऊन तरातरा कचेरीत गेले. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, ते मी. टेबलावर हात आपटून म्हणाले, पाच वर्षं उन्हातान्हात हिंडतेय मी, कुणी हिंडतं का तुमच्यातलं? साहेबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग फाइल माझ्याकडं फिरवली. आत माझ्या तक्त्याला टाचणीनं एक वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं होतं. कात्रणात शाल, नारळ आणि माझे सगळे दात. वर तारीख, संध्याकाळी साडेपाचचा कार्यक्रम.

"हे आमच्याकडं कुणीतरी आधीच आणून दिलं होतं," ते म्हणाले. आवाज अजून मऊच. "पहिल्या दोन दिवसांबद्दल मला शंका नव्हती. तिसऱ्या दिवसाचं काय, तेवढंच बघायला मी माळावर आलो होतो. त्या बाबांनी पाऊस झाला म्हटल्यावर मला खरंच बरं वाटलं, कारण त्या दिवशी तिथं पाऊस झाल्याची नोंद मी बघून ठेवली होती. म्हटलं, चला, एक खरा माणूस सापडला, याच्या आकड्यावर लिहिता येईल. तर तुम्ही म्हणालात ते चुकतात, आणि ते पण म्हणाले चुकलो. आता मी कुणाचं धरायचं सांगा. गाडीत मी तुम्हाला परत विचारलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथं कागद मागितला आणि खरं काय ते लिहून सही करून दिलं. त्यांनी तो घेतला आणि फाइलला लावला. "लावतो मी," ते म्हणाले, "पण काम सुरू झालंय मॅडम. परवाच मशिन गेलं."

त्यानंतर मामांकडं जायला पाहिजे होतं. गेले नाही. जाऊन काय सांगू, हे ठरेना. एकदा पिशोरला एका लग्नाला एसटीनं जावं लागलं. माळ आला तेव्हा मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले, पुढचं गाव येईपर्यंत. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हरवलं का? नाही म्हटलं. शाल कपाटात सगळ्यात खाली होती, तिच्यावर मी जुन्या चादरी रचल्या होत्या.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, भुईघारी आल्या का औंदा?"

मामांचा आवाज. मी हातातलं काम खाली ठेवलं.

"आमी हिकडं लासूर टेसनाकडं हाव आता. मेंढरं बसवितो लोकांच्या वावरात, खतापायी. हिकडं एक दिसंना, म्हून इचारलं. माळावर किती उतरल्या?"

"बघून सांगते मामा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बघून तरी खरं सांगावं म्हणून दुसऱ्याच दिवशी गेले. भोवतीनं चर होता, तो ओलांडायला एका ठिकाणी दगड टाकले होते. आत ओळीनं खड्डे. खड्ड्यात काडीएवढी रोपं, निम्मी वाळलेली. खड्ड्यांची माती गवतावर पसरून जागोजागी माळ उघडा पडला होता. बाभूळ होती. मी बाभळीखाली बसले, उजव्या मुठीत खडे घेतले, आणि डावीकडचंही बघितलं, उजवीकडचंही. सूर्य टेकल्यावर तीन आले. खाली घसरत आले, खड्ड्यांवरून दोन फेऱ्या मारल्या, आणि परत उंच होऊन पूर्वेला गेले. आणखी एक आला, तोही गेला. अंधार पडला. उडतं ते मोजायचं नाही. खिशात एकही खडा नव्हता.

रविवारी लासूर स्टेशनला गेले. जाताना पिशवीत शाल घातली. का घातली ते विचारू नका, रिकाम्या हातानं जाववेना. गावाबाहेर मका काढलेल्या वावरात त्यांचा मुक्काम सापडला. मेंढरं निम्मीच दिसत होती. मामी चुलीशी होती. मला बघून उठली नाही.

मामांनी घोंगडी अंथरली. मी बसले आणि आधी माळाचं सांगितलं. एक पण उतरली नाही मामा. त्यांनी खालची एक काडी उचलली. "एक पन नाय?" म्हणाले. मी नाही म्हटलं. मग बाकीचं सांगितलं. त्या संध्याकाळी मी शहरात शाल घेत होते, तुमची खड्यांची पद्धत माझी म्हणून सांगितली, आकडा घरी ओट्यावर लिहिला, आणि साहेबांपुढं तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही चुकलो म्हणाला नसतात तर माळ राहिला असता, कारण साहेबांना तुमचंच खरं वाटलं होतं.

"शाल?" मामी चुलीजवळून म्हणाली. मी पिशवी पाठीमागं सरकवली. "ह्यो तिकडं पावसात बसला बाई, जागंवरनं उठंना. म्या म्हनलं, ये खोपटात. तर म्हनतो, बाईंची बाजू पन मलाच बगायची हाय, उठलो तर चुकंल. तीन दिस तापानं फनफनला. आन तुमी शाल घेतली व्हय." तिनं चुलीत लाकूड सारलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मामा, तुम्ही का नाही सांगितलं हो साहेबांना?" मी विचारलं.

ते काडीनं माती उकरत होते. "मला वाटलं, तुमचा कागुद पडला तर समदंच पडंल," ते म्हणाले. "आमच्या बोलन्यावर कोन माळ सोडतंय? म्हनलं, चुकीचा का व्हईना, कागुद टिकू द्या. कागुद टिकला तर माळ टिकंल." मग म्हणाले, "आन तुमी पाच वर्सं आलता. पाव्हन्याची मान कशी खाली घालायची चार मान्सांत."

मी पर्समधून वही काढली. तिच्यात त्या तिसऱ्या तक्त्याची माझ्याकडची प्रत होती. सत्तावन्नवर काट मारली, बाजूला एकाहत्तर लिहिलं. आकाश निरभ्र खोडून पाऊस लिहिला. खाली निरीक्षकाचं नाव असा रकाना असतो. पाच वर्षांच्या सगळ्या तक्त्यांवर तिथं माझं एकटीचं नाव होतं. तेही खोडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की त्या जागी काय लिहायचं ते मला माहीतच नाही.

"मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं. "हा कागद मी परत कचेरीत देणार आहे. पुढं कधी कुणी फाइल उघडली तर खरं तरी सापडेल."

मामीनं मान वर करून बघितलं. मामांनी हात आडवा हलवला.

"नाव नको बाई. आकडा लिवा. आकडा खरा हाय."

"अहो, पण मोजलं तुम्ही. तुमचंच नाव पाहिजे."

"तसं नाय," ते म्हणाले. रागानं नाही, एखाद्या लहान पोराला मेंढरं मोजायला शिकवावं तसं सावकाश. "माझं नाव लावलं की साहेब म्हनंल, ह्यो तर त्योच, दिवस चुकनारा म्हातारा. मग आकडा पन खोटा पडंल. खऱ्या आकड्याला माझं नाव कशापायी लावता?"

मी पेन तसंच धरून बसले. मग वही मिटली. तो कागद मी नंतर कचेरीत दिला, निरीक्षकाचा रकाना कोरा ठेवून, आणि तिथल्या बाईनं नाव राहिलंय म्हणून दोनदा परत केला.

वावरात उन्हं उतरली होती. मामा उठले आणि मेंढरं वाघरात घ्यायला गेले. मूठभर खडे घेऊन त्या दोरीच्या जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहिले. मामीनं किटलीतून चहा ओतला, कप माझ्यापुढं ठेवला आणि चुलीकडं वळली. तो चहा मी प्याले.